घरात इग्वाना पाळायचा असेल तर: उष्णता, ऊन आणि पाला

डॉक्टरांनी राघूचा खालचा जबडा अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबला, आणि तो खोडरबरासारखा वाकला. राघू हा आमचा इग्वाना, म्हणजे झाडावर राहणारा, पाला खाणारा मोठा सरडा. तेव्हा जेमतेम आठ महिन्यांचं पिल्लू होतं. आम्ही रोज पालक आणि काकडी बारीक चिरून घालत होतो, काचेची पेटी बंद खिडकीपाशी भरपूर उजेडात ठेवत होतो. विकणाऱ्याने तसंच सांगितलं होतं, आणि त्यातली प्रत्येक गोष्ट चुकीची होती. कॅल्शियमचं औषध, योग्य दिवा आणि बदललेला आहार यांवर राघू वाचला, पण जबडा कायमचा किंचित वाकडा राहिला. तिसऱ्या वर्षी त्याने अंडी घातली तेव्हा हा राघू नसून मैना आहे हेही कळलं. आज मैना नऊ वर्षांची आहे, शेपटी धरून सव्वा मीटर लांब, वजन अडीच किलो. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटची एक अख्खी भिंत तिची आहे.

तुमच्या घरातल्या पिल्लाचा जबडा कुणाला दाबून बघावा लागू नये, म्हणून हे सगळं नीट लिहिते आहे.

आणण्याआधी

दुकानात दिसतं ते वीतभर, पोपटी रंगाचं, तळहातावर मावणारं पिल्लू. तेच तीन-चार वर्षांत सव्वा ते दीड मीटरचं होतं. नर त्याहूनही मोठे होतात. नीट सांभाळला तर इग्वाना पंधरा-वीस वर्षं जगतो, म्हणजे आज तिसरीत असलेली मुलगी नोकरीला लागेल तेव्हाही तो घरात असेल. मूळ घर मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या मोठ्या भागापर्यंतचं, नदीकाठच्या उंच झाडांवरचं. दिवसभर फांदीवर ऊन खायचं, पाला खायचा, धोका वाटला की खाली पाण्यात उडी टाकायची. पुढच्या सगळ्या सूचना त्याच्या या तीन सवयींवरच उभ्या आहेत.

कायद्याची बाजू आधी बघा. इग्वाना परदेशी असला तरी आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि असे प्राणी तिच्या चौथ्या अनुसूचीत आले. २८ फेब्रुवारी २०२४ ला नोंदणीचे नियम निघाले. त्यांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर नोंद करावी लागते. आधीपासून प्राणी असणाऱ्यांना सहा महिन्यांची मुदत होती. आता घेणाऱ्याने ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत नोंद करायची. विकणारा त्याच्या नावावरची नोंद आणि कागद दाखवत नसेल तर तिथूनच परत फिरा. मैनाची नोंद आम्ही २०२४ मध्येच केली.

आणि घोरपड, आपला झाडावरचा शॅमेलिऑन किंवा दुसरा कुठलाही संरक्षित देशी सरडा पाळायचा विचारही करू नका. घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, ती बाळगणं हा गुन्हा आहे. रस्त्यावर कुणी ‘लहान इग्वाना’ म्हणून करड्या-तपकिरी रंगाचं, दुभंगलेल्या लांब जिभेचं पिल्लू दाखवलं तर ते घोरपडीचं असू शकतं. वनविभागाला कळवा.

पिंजरा उंच हवा

पिल्लासाठी एक मीटर उंचीचा पिंजरा वर्षभर पुरतो. मोठ्याला सुमारे १.८ मीटर उंच, तितकाच लांब आणि किमान ०.९ मीटर खोल जागा लागते. तयार पिंजरे एवढे मोठे सहसा मिळत नाहीत. आम्ही सुताराकडून जुन्या कपाटासारखा सांगाडा करून घेतला: मागे आणि बाजूंना आतून वॉटरप्रूफ रंग दिलेला प्लायवूड, समोर सरकती काच, वर आणि एका बाजूला खाली हवेसाठी बारीक स्टीलची जाळी. नुसत्या जाळीचा पिंजरा केला तर उष्णता आणि दमटपणा दोन्ही टिकत नाहीत. बंद काचेच्या टाकीत हवा कोंडते.

आत आडव्या-तिरक्या फांद्या बसवा, जनावराच्या अंगाइतक्या जाड. पेरूच्या फांद्या आणून, घासून धुऊन आठवडाभर कडक उन्हात वाळवल्या की काम होतं. कण्हेर आणि चीक येणारी झाडं नकोत. फांद्या स्क्रूने पक्क्या करा, अडीच किलोचा जीव उडी मारतो तेव्हा नुसती टेकवलेली फांदी त्याच्यासकट खाली येते. तळाला वर्तमानपत्र. वाळू, भुसा, लाकडाचे कपचे टाकू नका, चाऱ्याबरोबर पोटात जाऊन आतडं तुंबतं.

चूल बाहेर असते

आपण जेवलो की पचनाला लागणारी ऊब शरीर आतूनच पुरवतं. इग्वानाची चूल अंगाबाहेर असते. त्याच्या मोठ्या आतड्यात सूक्ष्मजीव पाला आंबवून पचवतात, आणि ते काम ऊब मिळाली तरच होतं. पिंजरा थंड असेल तर उत्तम चारा खाऊनही तो पोटात तसाच पडून सडतो. ‘खातो पण वाढत नाही’ अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी तापमान विचारते.

सगळ्यात वरच्या फांदीवर, ऊन खायच्या जागी, ३५ ते ३८ अंश सेल्सिअस हवं. पिंजऱ्याचा वरचा भाग साधारण ३० ते ३२, खालचा कोपरा २६ ते २८. गरम वाटलं की खाली, गार वाटलं की वर, हे त्याचं तो ठरवतो. तुम्ही फक्त दोन्ही जागा द्यायच्या. रात्री २४ च्या आसपास, २२ च्या खाली जाऊ देऊ नका. मोजायला आत वर आणि खाली एकेक डिजिटल थर्मामीटर लावा, आणि फांदीचा पृष्ठभाग मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. हात लावून अंदाज घेण्यात अर्थ नाही. माझा हात ३३ आणि ३८ यांतला फरक सांगू शकत नाही, मैनाच्या पोटाला तो कळतो.

दिवसा उष्णतेचा बल्ब, रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, आणि दोन्हींना तापमान आपोआप राखणारा थर्मोस्टॅट. दोन्हींभोवती तारेची जाळी लावलीच पाहिजे. इग्वाना तापलेल्या बल्बला बिलगून बसतो आणि कातडी भाजेपर्यंत हलत नाही. याच कारणासाठी दुकानात मिळणारा ‘गरम दगड’ घेऊ नका. पोटाखालून भाजल्याच्या जखमा बऱ्या व्हायला महिने लागतात.

महाराष्ट्रात हे सगळीकडे सारखं नसतं. मुंबई-कोकणात वर्षातले बरेच महिने रात्रीचा हीटर लागतही नाही. पुणे-नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत मात्र तो अखंड चालू राहतो. विदर्भात उलटी काळजी: नागपूरच्या मे महिन्यात खोलीच ४० च्या घरात गेली तर दिवा बंद करून खोली गार करावी लागते, कूलर लावला तर दमटपणाही वाढतो. तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल तर तापमान जास्त झालंय, लगेच गार जागी न्या. थंडीत वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या जाड टॉवेलमध्ये गुंडाळून पिंजऱ्यात ठेवा आणि समोरची काच चादरीने झाका. आम्ही हीटर इन्व्हर्टरवर घेतला आहे.

काचेतून येणारं ऊन उपयोगाचं नाही

राघूच्या जबड्याचं मुख्य कारण हे होतं. कातडीवर उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण पडले की शरीरात ड३ जीवनसत्त्व तयार होतं, ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम रक्तात उतरतं. खिडकीची काच उजेड आत येऊ देते, पण हे किरण अडवते. म्हणून काचेमागे लख्ख प्रकाशात बसलेलं पिल्लूही हाडांनी पोकळ होत जातं. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढून घेतं. जबडा मऊ होतो, मांड्या फुगून गुबगुबीत दिसतात. आम्हाला वाटलं होतं, राघू बाळसं धरतोय.

सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची लांब, बारीक व्यासाची टी५ यूव्हीबी ट्यूब घ्या, खोक्यावर १० ते १२ टक्के यूव्हीबी लिहिलेली, पिंजऱ्याच्या निम्म्याहून जास्त लांबीची. ऊन खायच्या फांदीपासून साधारण ३० ते ४० सेंटिमीटरवर बसवा. नेमकं अंतर खोक्यावर दिलेलं असतं. मध्ये काच किंवा प्लास्टिक येता कामा नये, बारीक जाळीही काही किरण खाते. ट्यूब रोज बारा तास, टायमरवर. वर्ष झालं की बदला. ती पेटते, झगझगीत दिसते, पण तोवर यूव्हीबी बरंच घटलेलं असतं आणि ते डोळ्यांना कळत नाही. मी ट्यूबच्या टोकावर मार्करने तारीख लिहून ठेवते.

खरं ऊन मिळत असेल तर सोन्याहून पिवळं. सकाळच्या कोवळ्या उन्हात बाल्कनीत वीस-तीस मिनिटं, जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर सावली धरून. काचेची टाकी उन्हात कधीच ठेवू नका, ती काही मिनिटांत भट्टी होते. आणि उघडं सोडू नका. घरात सुस्त बसणारा इग्वाना उन्हात दहा मिनिटांत वेगळाच प्राणी होतो, कठड्यावरून शेजारच्या झाडावर जायला त्याला क्षण पुरतो.

पाणी आणि दमटपणा

हवेतला दमटपणा ६५ ते ८० टक्के हवा. मुंबईच्या पावसाळ्यात तो आपसूक असतो, तेव्हा उलट हवा खेळती ठेवून बुरशीवर लक्ष ठेवायचं. पुण्याच्या एप्रिलमध्ये दुपारी दमटपणा मोजणारा हायग्रोमीटर २५ दाखवतो आणि एसीच्या खोलीतही हवा कोरडी होते. दिवसातून दोनदा फवारणी करा आणि आत मोठं घमेलं पाण्याने भरून ठेवा. आठवड्यातून दोन-तीनदा टबात कोमट पाणी, छातीपर्यंतच, पंधरा-वीस मिनिटं, आणि तेवढा वेळ तुम्ही शेजारी. बहुतेक इग्वाना पाण्यातच शी करतात, त्यामुळे पिंजराही स्वच्छ राहतो. कोरड्या हवेत वर्षानुवर्षं राहिलेल्या इग्वानांची मूत्रपिंडं जातात, आणि ते उघड होतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

ताटात काय

इग्वाना संपूर्ण शाकाहारी आहे. अंडं, चिकन, किडे, कुत्र्या-मांजरांचं खाणं काहीही घालू नका. पिल्लू आवडीने खाईल, झपाट्याने वाढेलही, पण जास्तीच्या प्रथिनांचा भार मूत्रपिंडांवर पडतो आणि सांध्यांत क्षार साचतात.

मुख्य भर पाल्यावर, ताटाचा तीन चतुर्थांश भाग तरी. कॅल्शियम हे फॉस्फरसच्या निदान दीडपट, शक्यतो दुप्पट असावं असा हिशेब असतो, आणि त्यात आपला मराठी भाजीबाजार फार कामाचा आहे. शेवग्याचा पाला हा माझा पहिला क्रमांक. जास्वंदीची पानं आणि फुलं, तुतीची पानं, मुळ्याचा पाला, सरसों, गुरांना घालतात ती लसूणघास (लसूण नव्हे, चाऱ्याचं पीक), हे आलटून पालटून. मैना जास्वंदीचं लाल फूल दुरून ओळखते. मान वर करते, एकदा जीभ लावते आणि देठाकडून नाही, पाकळ्यांकडून ओढते. मेथी-कोथिंबीर अधूनमधून. सोबत किसलेला लाल भोपळा, बारीक चिरलेली फरसबी किंवा घेवडा. फळं ताटाच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी: पपई, आंबा, आणि अंजीर मिळालं तर उत्तमच, कारण त्यात कॅल्शियम चांगलं असतं. केळं क्वचित.

आता नको त्या भाज्या. आपल्याला पौष्टिक म्हणून सांगितलेल्या पालेभाज्याच इथे घात करतात. पालक, चुका, चाकवत, माठ, अळू यांतलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवतं, म्हणजे पोटात गेलेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. कोबी-फ्लॉवर रोज दिले तर थायरॉइडवर परिणाम होतो, कधीतरी पान-दोन पानं चालतील. काकडी आणि लेट्यूस म्हणजे पाणीच. कांदा, लसूण आणि अव्होकाडो अजिबात नाही.

बाजारातला पाला मिठाच्या नव्हे, साध्या वाहत्या पाण्यात नीट धुवा. द्राक्षाची पानं चालतात, पण बागांवर फवारणी किती होते हे नाशिककडच्या वाचकांना मी सांगायला नको. घरचा वेल असेल तरच द्या. आम्ही गच्चीवर पाच जास्वंदी आणि शेवग्याचं एक झाड कुंड्यांत लावलंय, शेवगा सतत छाटत राहिलो की फुटवा येतच राहतो.

वेळ सकाळची. दिवा लागल्यावर तास-दीड तास अंग तापू द्या, मग ताट ठेवा. संध्याकाळी उशिरा खायला घातलं तर पचायच्या आत दिवा मालवतो. पिल्लाला रोज, अगदी बारीक चिरून. ते चावत नाही, तोडून गिळतं. कॅल्शियम कार्बोनेटची फॉस्फरसविरहित पूड पिल्लाच्या ताटावर आठवड्यातून चार-पाचदा चिमूटभर भुरभुरवा, मोठ्याला एक-दोनदा. मल्टिव्हिटॅमिन आठवड्यातून एकदाच.

ओळख वाढवताना

इग्वानाच्या डोक्यावर, दोन डोळ्यांच्या किंचित मागे, एक फिकट मोतीदाणा दिसतो. तो तिसरा डोळा. चित्र दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. रानात वरून येणारी सावली म्हणजे शिकारी पक्षी. म्हणून हात कधीही वरून नेऊ नका, बाजूने, त्याला दिसेल असा, पोटाखालून सरकवा.

पहिले दोन आठवडे पकडायचंच नाही. रोज पिंजऱ्याजवळ बसा, वाचा, बोला. मग हातातून जास्वंदीची पाकळी. मग हात नुसता फांदीवर ठेवून बसायचं. मैनाने माझ्या मनगटावर आपणहून पाय ठेवायला चार महिने घेतले. अंग चपटं करून उंच करणं, गळ्याखालची पोळी ताणणं, शेपटी धनुष्यासारखी वळवणं हा स्पष्ट इशारा आहे. त्या शेपटीचा फटका चाबकासारखा वळ उठवतो. हातात घेतल्यावर डोळे मिटले की लोकांना तो लाडात आल्यासारखा वाटतो. बहुतेकदा त्याला नको असतं आणि सुटकाही दिसत नसते. परत ठेवा.

शेपटी कधीही धरू नका. ती तुटून हातात राहते. नवी उगवते, पण आखूड, काळपट आणि पट्ट्यांशिवाय. दोन इग्वाना एका पिंजऱ्यात ठेवू नका, विशेषतः दोन नर.

आजार, कात, अंडी

पहिल्याच आठवड्यात पक्षी-सरपटणारे प्राणी बघणारे पशुवैद्य शोधा आणि शी तपासून घ्या, जंत असतात. दर रविवारी वजन करून वहीत लिहा. हाता-पायांची थरथर, सुजलेला किंवा मऊ जबडा, पाय ओढत चालणं, आठवडाभर न खाणं, दिवा असूनही रंग काळवंडलेला राहणं, यांतलं काही दिसलं तर घरगुती उपाय न करता दवाखान्यात जा.

काचेवर पांढरे ठिपके दिसले तर घाबरू नका. इग्वाना जास्तीचं मीठ नाकातून शिंकून टाकतो, ते वाळलेलं असतं. कात तुकड्यांनी निघते, ओढायची नाही. बोटांवर आणि शेपटीच्या टोकावर अडकलेली कडी तेवढी कोमट पाण्यात भिजवून सोडवा, नाहीतर रक्तपुरवठा आवळला जातो.

मादी नराशिवायही अंडी घालते. साधारण दोन-चार वर्षांची झाली की एखाद्या हंगामात खाणं सोडते, पोट फुगतं, काच उकरत राहते. तिला खड्डा हवा असतो. झाकणाचा मोठा प्लास्टिक डबा घ्या, एका बाजूला शिरायला भोक, आत फूटभर ओलसर माती आणि वाळू, मुठीत दाबली की आकार धरेल इतकी. जागा मिळाली नाही तर अंडी आत अडकतात आणि जीव जाऊ शकतो. मैनाने त्या वर्षी एकतीस अंडी घातली आणि डबा सोडून बाहेर आली तेव्हा कमरेची हाडं दिसत होती. मादी अंग टाकून पडली किंवा कळा देऊनही अंडी येत नसतील तर त्याच दिवशी डॉक्टर.

घरातली माणसं

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शीतून साल्मोनेला पसरतो, प्राणी ठणठणीत दिसत असला तरी. हाताळल्यावर साबणाने हात, दर वेळी. त्याची भांडी आणि टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा आजारपणाने प्रतिकारशक्ती कमी झालेलं कुणी असेल तर इग्वाना आणणं पुढे ढकला.

आणि नाइलाजाने सांभाळणं जमेनासं झालं तर बागेत, तळ्याकाठी सोडू नका. फ्लोरिडात सुटलेल्या आणि सोडलेल्या इग्वानांची इतकी पैदास झाली की ते कालव्यांचे काठ पोखरतात, आणि थंडीची लाट आली की झाडांवरून गारठून खाली पडतात. पोर्तो रिको आणि तैवानलाही हाच त्रास आहे. नोंदणीची बदली करून अनुभवी माणसाकडे द्या, किंवा वनविभागाशी बोला.

गावाला जाताना

दिवे टायमरवर, रात्रीचा हीटर थर्मोस्टॅटवर, आणि चावी अशा माणसाकडे ज्याने तुमच्यासमोर एकदा तरी सगळं करून पाहिलंय. आमच्या कपाटावर शेजारच्या काकूंसाठी चिकटवलेली चिठ्ठी इथे जशीच्या तशी देते:

‘काकू, साडेआठला ताट. पाला फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा, गार घालू नका. वरच्या थर्मामीटरवर ३० ते ३२ पाहिजे. ३४ च्या वर गेला तर मोठा दिवा बंद करा. सकाळ-संध्याकाळ फवारा. काच सरकवली की खालची कडी लावा, मैना काच नाकाने उघडते. हात घालायची गरज नाही. खाल्लं नाही तर मला फोटो पाठवा, दुसऱ्या दिवशीही नाही खाल्लं तर डॉक्टरांचा नंबर खाली आहे. वीज गेली तर बाटल्या ओट्याखाली, टॉवेल त्यांच्याच शेजारी.’